भंडारदऱ्याआधी वजनकाटा

पत्र

आमच्या ह्यांनी निवृत्तीच्या पैशातून पुण्याहून एक वापरलेला कॅराव्हॅन ट्रेलर आणलाय. चौदा फुटी, एकाच ॲक्सलचा. पुढे बेड, मागे छोटं स्वयंपाकघर. पाटीवर रिकामं वजन ९५० आणि जास्तीत जास्त १२०० किलो असं लिहिलंय. आमच्या डिझेल एसयूव्हीला हूक बसवून घेतला. जूनच्या पहिल्या शनिवारी नातवंडांना घेऊन भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं ठरलंय. मी मागच्या ओट्याखाली सगळं लावून ठेवलंय, तांदूळ, पीठ, कुकर, पाण्याचे दोन जार, पाटा-वरवंटासुद्धा. ८० लिटरची टाकी भरलीय, घरचा एक सिलिंडर ठेवलाय. ह्यांनी घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी मागच्या कपाटात बसवली आणि मागच्या खिडकीत पाऊण टनाचा एसी. नातवंडांचा हट्ट आहे की जाताना ट्रेलरमध्येच झोपून जायचं. रिव्हर्स घेताना आम्हा दोघांची भांडणं होतात. ट्रेलरचे ब्रेक जाम आहेत. माझा भाऊ म्हणतो, गाडी दणकट आहे, ती भानगड काढूनच टाका. सोसायटीचे चेअरमन ट्रेलर आत ठेवू देत नाहीत. (पुण्याहून आणताना संगमनेरच्या अलीकडे घाट उतरताना ट्रेलर मागून डावी-उजवीकडे झुलत होता. हे म्हणाले, वारा होता.) एसी किती वेळ चालेल आणि काजव्यांसाठी ट्रेलर कुठे उभा करावा, एवढं सांगा.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, तुम्ही विचारलंत एसीचं आणि काजव्यांचं. पण पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात घातलीत. त्या कंसाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय ट्रेलर गेटबाहेर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वारा असेलही. चंदनापुरीच्या त्या उतारावर वारा नसतो असं कोण म्हणेल? पण वाऱ्याच्या झोताने ट्रेलर एकदा ढकलला जातो आणि परत सरळ होतो. तुमचा झुलत होता. याचा अर्थ त्याला मागे वजन जास्त झालंय. बैलगाडीत मागे भार वाढला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवर काही राहत नाही, तेच इथे होतंय. ट्रेलरचं नाक हूकवर नीट दाबून बसलं नाही की मागचा भाग मोकळा होतो. मग एखादा कंटेनर शेजारून गेला, रस्त्यात खड्डा आला किंवा उतार लागला की झुलायला सुरुवात होते. वेग जितका जास्त तितका झोका मोठा. पुढे एक क्षण असा येतो की ट्रेलरच गाडीला फिरवतो.

आता तुमची मांडणी बघा. स्वयंपाकघर मागे. ओट्याखाली धान्य, जार आणि पाटा-वरवंटा. मागच्या कपाटात बॅटरी. मागच्या खिडकीत एसी. जड म्हणून जे जे होतं ते सगळं ॲक्सलच्या मागे गेलंय. दोघांनीही मन लावून काम केलंय, फक्त चुकीच्या टोकाला. आणि पुण्याहून आणताना यातलं बहुतेक सामान आत नव्हतंच. तेव्हा रिकामा ट्रेलर झुलत होता, तर आता काय करेल याचा विचार दाजींना शांतपणे करायला सांगा.

वजनाचा हिशोब करून पाहू. पाटीप्रमाणे तुमच्या हातात २५० किलो आहेत. टाकीतलं पाणी ८० किलो. जार वीस लिटरचे धरले तर दोघांचे ४०. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी, १५० ॲम्पिअर-अवरची असेल तर ५५ ते ६० किलो. पाऊण टनाचा खिडकीचा एसी ३५-४०. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण लोखंडासकट भरलेला सिलिंडर जवळपास ३० भरतो. झाले २४० ते २५०. अजून तांदूळ, पीठ, कुकर, गाद्या, कपडे, नातवंडांची खेळणी यातलं काहीच मोजलेलं नाही. पाटा-वरवंट्याबद्दल मी काही बोलत नाही. चटणी पाट्यावरचीच छान लागते हे मलाही मान्य आहे, पण ती घरून वाटून डब्यात न्या.

म्हणून पहिला प्रवास वजनकाट्यापर्यंत. आपला जिल्हा द्राक्षाचा आणि कांद्याचा, त्यामुळे काट्याची वानवा नाही. ट्रेलर जसा सहलीला न्यायचा तसा भरून काट्यावर घ्या, चाकांना ठोकळे लावा, गाडी सोडवून खाली उतरवा आणि एकट्या ट्रेलरचं वजन करून छापील पावती घ्या. १२०० च्या वर गेलं तर तिथेच निर्णय करायचा, काय उतरवायचं. 'थोडंसंच जास्त आहे' हे वाक्य दाजींना वापरू देऊ नका. रिकाम्या ट्रेलरचंही वजन एकदा करून घ्या. जुन्या मालकाने आत फर्निचर वाढवलं असेल तर पाटीवरचे ९५० आज ९५० राहिलेले नसतात.

मग घरी नाकाचं वजन, म्हणजे ट्रेलर हूकवर किती भार टाकतो ते. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलोचा फरक कळत नाही, त्यामुळे हे काम आपण स्वतः करायचं. बाथरूममधला वजनाचा काटा घ्या, १५० किलोपर्यंत दाखवणारा. त्यावर एक फळी ठेवा, फळीवर लाकडाचा दांडका उभा करा आणि कपलर, म्हणजे हूकच्या गोळ्यावर बसणारी वाटी, त्या दांडक्यावर अलगद टेकवा. दांडक्याची उंची अशी हवी की ट्रेलर जमिनीला समांतर राहील. चाकांना ठोकळे हवेतच. पुढचं छोटं चाक वर उचललं की काट्यावर आकडा दिसेल. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर ठेवतात, युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनना ५ ते ७ टक्के. तुमच्या १२०० किलोला सात टक्क्यांनी ८४ किलो होतात. हूकवर आणि कपलरवर कमाल भार कोरलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. त्या मर्यादेत राहून जितकं वरच्या बाजूला जाता येईल तितकं जा. माझा अंदाज आहे की आज तुमचा आकडा ३०-४० च्या घरात निघेल.

तो वाढवायचा कसा? एसी काढा. बॅटरी ॲक्सलच्या थोडी पुढे, जमिनीलगत आणा. पण ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि कलली तर ॲसिड सांडते, त्यामुळे ती झोपायच्या जागेत उघडी ठेवायची नाही. बाहेर हवा जाणारी पेटी करून घ्या, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, वजन निम्म्याहून कमी होतं. टाकी निघताना रिकामी, पोचल्यावर भरायची. जार गाडीच्या डिकीत. तांदूळ-पीठ बेडखालच्या खणात, चाकांच्या जवळपास. ओट्याखाली फक्त हलकी भांडी. सगळं वजन उचलून नाकापाशीच कोंबू नका, मग गाडीचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं.

एवढं करूनही कधी झुलायला लागलाच तर दाजींनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं आणि काही करायचं नाही. हे 'काही न करणं'च अवघड असतं. हात आपोआप झोक्याच्या उलट दिशेला वळतात आणि झोका वाढतो. ब्रेक दाबला तर गाडी थांबते आणि ट्रेलर मागून रेटतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा सल्लाही लोक देतात, तो अजिबात ऐकू नका. वेग उतरला की झोका मरतो. मग सुरक्षित जागी थांबून सामान पुन्हा लावायचं, 'आता गेला वाटतं' म्हणून पुढे निघायचं नाही.

आता तुमच्या भावाचं. भावाला माझा नमस्कार सांगा आणि ब्रेक काढू नका. अनेक देशांत बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलोपर्यंतच ओढू देतात, तुमचा १२०० चा आहे. गाडी दणकट असली तरी तिचे ब्रेक तिच्या स्वतःच्या आणि आतल्या माणसांच्या वजनासाठी बनवलेले असतात. जुन्या ट्रेलरला बहुतेक वेळा ढकलब्रेक असतात. गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे सरकतो, कपलरमागचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरची चाकं धरली जातात. महिनोन्महिने हँडब्रेक ओढून उभा ठेवला की लायनर गंजून ड्रमला चिकटतात, तुमच्याकडे तेच झालं असणार. ड्रम खोलून साफ करायचे, लायनर बघायचे, दांड्याला ग्रीस द्यायचं आणि हात लावलाच आहे तर बेअरिंगही धुऊन नव्याने ग्रीस भरायचं. अंबड किंवा सातपूरला ट्रेलरचं काम करणारा चांगला मिस्त्री मिळाला तर एका दिवसाचं काम आहे. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगाने ब्रेक मारून बघा. ट्रेलर गाडीला धक्का न देता थांबला पाहिजे.

हूक कोणी बसवला हे पत्रात नाही, म्हणून विचारते. तो चासीला बोल्टने आवळलेला आहे की बंपरच्या पट्टीला वेल्डिंग मारून दिलाय? दुसरं असेल तर परत करून घ्या. गोळा ५० मिलिमीटरचा आहे का तेही बघा. अमेरिकन मापाचा दोन इंची कपलर ५०.८ चा असतो, तो ५० च्या गोळ्यावर बसतो पण सैल राहतो. जोडून झाल्यावर पुढचं छोटं चाक फिरवून नाक थोडं वर उचलून बघा. कपलर नीट अडकला असेल तर गाडीचं बूडही सोबत उचललं जाईल, सुटून आला तर तो फक्त टेकला होता. साखळ्या हूकखाली एकमेकींवरून तिरप्या बांधायच्या. ट्रेलर सुटला तर त्याचा हँडब्रेक ओढणारी बारीक वायर गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची, गोळ्यावर नुसती गुंडाळायची नाही. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती किलो ओढायची परवानगी आहे ते दाजींनी चष्मा लावून वाचावं.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१९ असेल तर टायर २०१९ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उन्हात उभे राहून म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून गेलेलं असतं. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर बदला, स्टेपनीसकट. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासायची. समृद्धीवर जायचा मोह होईल, आता ती इगतपुरीपासून सलग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत झालीय. पण गुळगुळीत काँक्रीटवर वेग कधी वाढतो ते कळत नाही आणि मे महिन्याच्या दुपारी कमी हवेचा टायर तापून फुटायला वेळ लागत नाही. ट्रेलर मागे असताना ७० हा तुमचा आकडा, रस्ता कोणताही असो. चाक एकदा उघडलं की पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. चहाला थांबाल तेव्हा हाताची मागची बाजू चाकाच्या मधोमध नेऊन बघायची. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग बोलतंय किंवा ब्रेक धरून बसलाय.

नातवंडं ट्रेलरमध्ये बसणार नाहीत. पट्टे नाहीत, बेड बोल्टने आवळलेले नाहीत, डोक्यावर कपाटं आहेत. झोपून नाही, दहा मिनिटं नाही, गावातल्या गावात नाही. रडू द्या.

भांडणांकडे येऊ. रिव्हर्समध्ये ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट वळतो, म्हणून दाजींचं डोकं फिरतं. सोपी युक्ती अशी की स्टिअरिंगचा वरचा भाग सोडून अगदी खालच्या टोकाला हात धरायचा. मग हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलरचं बूड जातं. हात अगदी थोडा हलवायचा, ट्रेलर वळायला लागला की लगेच सरळ करायचा. कोन जास्त झाला तर गाडी पुढे घेऊन सरळ करायची, मागे रेटत राहिलात तर ट्रेलर गाडीच्या कोपऱ्यावर येऊन आदळतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतला एखादा मोकळा रस्ता बघा, दोन रिकाम्या बादल्या ठेवा आणि त्यांच्यामध्ये ट्रेलर घालायचा सराव करा. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टिअरिंगवर बसा. गंमत म्हणून सांगत नाही, वाटेत दाजींना बरं वाटेनासं झालं तर ट्रेलर कोण आणणार?

आणि ते 'येऊ द्या, येऊ द्या'? ते बंद. मागून हात हलवत 'उजवीकडे घ्या' म्हटलं की स्टिअरिंग उजवीकडे की ट्रेलर उजवीकडे, यातच निम्मी भांडणं आहेत. ठरवून टाका, दिशा म्हणजे ट्रेलरच्या बुडाची दिशा. दोघांनी फोन लावून ठेवा म्हणजे ओरडावं लागणार नाही. तुम्ही आरशात दिसेनाशा झालात की दाजींनी जागच्या जागी थांबायचं. वरही बघत चला. आंब्याच्या फांद्या, लोंबकळणाऱ्या केबली आणि पुलाखालचे उंचीचे अडसर छताला लागतात तेव्हाच आठवतात.

एसीचं उत्तर एकदाचं देते. १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी १२ व्होल्टला १८०० वॅट-तास देते. शिसे-ॲसिडच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढलं तर तिचं आयुष्य उतरतं, म्हणजे हातात ९००. त्यातले काही इन्व्हर्टर खातो. पाऊण टनाचा एसी चालताना ७०० ते ९०० वॅट घेतो. तासभर चालेल, मग अंधार. १२ व्होल्टचा पंखा १५-२० वॅट घेतो, तो रात्रभर फिरेल आणि सकाळी दिव्याला वीज उरेल. कुणाच्या मळ्यावर वीज मिळाली तरी आधी व्होल्टेज मोजा. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की ते कुठल्या कुठे जातं. केबल २.५ चौरस मिलिमीटरची आणि पूर्ण उलगडलेली हवी, रिळावर गुंडाळलेली वायर तापते. ट्रेलरमध्ये ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आणि खरीखुरी अर्थिंग नसेल तर बाहेरची वीज जोडूच नका. पत्र्याच्या खोलीत शॉक चहूबाजूंनी लागतो.

गॅसबद्दल एकच काळजी. घरचा मोठा सिलिंडर परत घरी ठेवा, ५ किलोचा छोटा घ्या आणि गाडी चालू असताना त्याची चावी बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. त्यासाठी फरशीला जाळीचं भोक असतं. मुंग्या येतात म्हणून जुन्या मालकाने ते बुजवलं असेल तर उघडा.

आता काजवे. या वर्षी जा, पण ट्रेलरशिवाय. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत, हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडांवर काजवे असतात आणि त्याच शनिवार-रविवारी अर्धी मुंबई आणि सगळं नाशिक तिथे असतं. घोटीहून बारीच्या वळणांनी शेंडीपर्यंत पोचाल, पण धरणाभोवतीचा घाटघरचा रस्ता अरुंद आहे आणि रात्री दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात. तिथे समोरून बस आली तर तुम्हाला ट्रेलरसकट मागे जावं लागेल. ते अजून सोसायटीच्या गेटवर जमलेलं नाही. शिवाय हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याचे नाके आणि वेळा असतात. काजवे एकमेकांना उजेडाने खुणावतात, त्यात आपले हेडलाइट आले की त्यांचा सगळा संसार बिघडतो. शेंडीत एखाद्या घरी मुक्काम करा, भाकरी-पिठलं खा, नातवंडांना अंधारात पायी न्या.

ट्रेलरची पहिली रात्र वेगळी काढा, आणि नाशिकमध्येच. गंगापूर धरणापाशी पर्यटन महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे. आधी फोन करून ट्रेलर आत येईल का, उभा करू देतील का ते विचारा. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय, त्याचा उल्लेख करायला हरकत नाही, पण उत्तर शेवटी तिथल्या मॅनेजरचंच. नाहीतर गिरणारे-मखमलाबादकडे कुणा नातेवाइकाचा मळा असेल तो उत्तम. घर जवळ असलं की काय विसरलं ते हसत कळतं. पंप हवा ओढतो, फ्रिजचं दार उघडतं, संडासाच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही, हे सगळं पहिल्याच रात्री होतं. तो डबा ओढ्यात किंवा शेतात रिकामा करायचा नाही. भरलेला डबा चाकांवरून ओढत संडासात नेऊन ओतायचा, हे काम कुणाचं ते निघण्याआधी ठरवा.

मुक्कामावर पोचल्यावर क्रम चुकवू नका. आधी डावी-उजवी बाजू फळीवर चढवून समतल, मग चाकांना ठोकळे, मग साखळ्या आणि हूक सोडणं, मग पुढचं चाक फिरवून पुढे-मागे समतल, शेवटी चार कोपऱ्यांचे पाय टेकवणं. ते पाय ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नाहीत. पुढची पायरी त्र्यंबक, मग दिंडोरी-वणी. सप्तशृंगी गडावर ट्रेलर ओढायचा नाही, नांदुरीला खाली ठेवून वर जायचं. कसारा आणि सापुतारा पुढच्या वर्षी. घाट ज्या गिअरमध्ये चढायला लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ढकलब्रेकही सतत धरलेले राहतात आणि तळाशी पोचेपर्यंत दोन्हीकडचे तापून निकामी झालेले असतात. सिंहस्थाच्या कामांनी आणि गर्दीने शहरातले रस्ते तसेही धड नसणार, तेव्हा बाहेरच्या बाहेर निघता येईल अशीच जागा ट्रेलरला बघा.

कागदांचं राहिलं. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसावा लागतो. पुण्याच्या मालकाकडून २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून घ्या आणि पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलून घ्या, मालकी बदलल्यापासून तीस दिवसांत. आरसी बुकमधला चासी नंबर ट्रेलरच्या दांड्यावर कोरलेल्या नंबरशी स्वतः जुळवून बघा. विमा कंपनीला लेखी कळवा की या गाडीला ट्रेलर जोडणार आहे, आणि ट्रेलरचा विमा वेगळा काढा. मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या भरपूर लावा. कांद्याच्या ट्रॉल्या दिव्यांशिवाय रस्त्यावर असतात म्हणून आपणही तसंच जायचं नसतं.

चेअरमनशी भांडू नका, चौदा फुटी ट्रेलर पार्किंगमध्ये खरंच मावत नाही. मळ्यावर शेड मिळाली तर महिना काही द्या आणि तिथेच ठेवा. पण पावसाळ्याआधी छताचे सगळे सांधे, खिडक्यांच्या कडा आणि दिव्यांची भोकं बघून सीलंट नवीन करा. आत शिरून चारही खालच्या कोपऱ्यांत प्लायवूडवर अंगठा दाबत जा. मऊ लागलं किंवा कुबट वास आला तर पाणी आधीच शिरलंय आणि आधी ते दुरुस्त व्हायला हवं, इगतपुरी पट्ट्याचा पाऊस त्याला दया दाखवणार नाही. हँडब्रेक सोडून ठोकळ्यांवर ठेवा, बॅटरीची वायर काढा, फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवा. मळ्यावर उंदीर असतातच, त्यांना वायरिंगचं प्लास्टिक फार आवडतं. धान्याचा एक दाणाही आत ठेवू नका आणि वायरी जिथून आत येतात ती भोकं बारीक तारेच्या चोथ्याने बुजवा, मात्र गॅसचं जाळीचं भोक सोडून.